तिचा डाग, त्याचा डाग

शर्टाच्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या गुंडीपासून दोन बोटं वर, एक काळपट जांभळा डाग होता. त्यावर साबण फिरवला, आणि तो निळा झाला. वॉरिक पेनहॅलो बेसिनपाशी तसाच उभा राहिला. नळ वाहत होता, साबणाची वडी हातातून निसटून तळाशी जाऊन बसली होती, आणि तो त्या निळ्याकडे पाहत होता. माणूस आपल्याच हस्ताक्षरातल्या, पण आपण लिहिल्याचं आठवत नसलेल्या चिठ्ठीकडे पाहतो तसा. हा निळा त्याच्या ओळखीचा होता. नगरपालिकेच्या तणनिर्मूलन खात्यात एकोणतीस वर्षं त्यानं हा निळा रंग स्वतःच्या हातांनी तणनाशकाच्या टाकीत मिसळला होता. कुठे फवारून झालं आणि कुठे राहिलं हे उन्हात कळावं, एवढ्यासाठीच तो असतो. त्या वर्षांत त्याची नखं कधी पूर्ण स्वच्छ म्हणून झाली नाहीत. नेरिडा, त्याची बायको, पाहुण्यांसमोर त्याचा हात उचलून दाखवायची. "हा बघा, माझा निळ्या नखांचा नवरा. डोंगरापासून नदीपर्यंत जे जे उगवतं त्याचा वैरी." पण हेही तितकंच खरं होतं, आणि हे त्याला नेरिडानंच शिकवलं होतं, की रानटी ब्लॅकबेरीचा रससुद्धा साबण लागला की निळा पडतो. म्हणजे बाहीवरचा हा डाग एक तर गुरुवारी दुपारी जाळीत शिरून फळं तोडताना लागलेला निव्वळ रस होता. नाही तर त्या फळांवर आधीच कुणीतरी फवारून ठेवलेलं विष होतं. आणि त्या फळांचा त्यानं जॅम केला होता, आणि तो जॅम शुक्रवारपासून काल रविवारपर्यंत त्यानं नेरिडाला चमच्याचमच्यानं भरवला होता.

शुश्रूषागृहातून फोन आला त्याला अजून अर्धा तासही झाला नव्हता. सम्झनाचा फोन. ही नेपाळी मुलगी नेरिडाच्या मजल्यावर सकाळपाळीला असते, आणि वाईट बातमी सांगताना तिचा आवाज उगाचच चढतो. "मिस्टर पेनहॅलो, आधी घाबरू नका हं! नेरिडाला रात्री दोनदा उलटी झाली. आता शांत झोपल्यात. डॉक्टर येऊन गेले. या मजल्यावर आणखी तिघांची पोटं बिघडलीत, साथ असेल म्हणाले."

"तिनं काय खाल्लं होतं?"

"काय खाणार? तुमचा जॅम! दुसरं काही तोंडात घेतात का त्या? महिनाभर आम्ही सूप घेऊन मागे लागतोय, तर ओठ असे घट्ट. आणि तुम्ही बरणी उघडली की पाखराच्या पिलासारखा हा मोठा आ! दुपारी या. आणि नवी बरणी आणा, कालची संपली."

तेव्हा त्यानं फोन ठेवला होता तो जवळजवळ आनंदानं. साथ असेल, तिघांना झालं आहे, म्हाताऱ्या माणसांच्या घरात असं होतंच. शुश्रूषागृहात जायचं म्हणून गुरुवारचा शर्ट धुवायला घेतला, त्यावर साबण फिरवला, आणि तो आनंद साबणाच्या पाण्याबरोबर खाली वाहून गेला.

तो घाईघाईनं कोट चढवून बाहेर पडला. ओला शर्ट त्यानं पिळून कोटाच्या खिशात कोंबला होता. घरी ठेवायला त्याचं मन धजेना, जणू मागे कुणी येऊन तो पुरावा पळवणार होतं. मार्चमधला सोमवार, कामगारांच्या 'आठ तासांच्या दिवसा'ची सुट्टी. सगळं शहर उशिरा उठणार होतं. घरांच्या परसांमागून ओहोळ खाली बंदराकडे जातो, आणि ओहोळापलीकडे चढावर ती जाळी आहे. खात्याच्या वहीत तिचा क्रमांक सतरा. एखाद्या बैठ्या घराएवढी मोठी, काट्यांनी विणलेली. इथला उन्हाळा सरताना, फेब्रुवारी संपत आला की फळांच्या भारानं तिच्या फांद्या कमानीसारख्या वाकून जमिनीला टेकतात आणि जिथे टेकतात तिथे पुन्हा मूळ धरतात. या बेटावर ब्लॅकबेरी हे कायद्यानं ठरवलेलं तण आहे, आणि ते मारणं हे वॉरिकचं काम होतं. ते त्यानं चोख केलं होतं; एक सतरा क्रमांक सोडून. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नेरिडा डबा कमरेच्या पट्ट्याला बांधून, काट्यांवर फळी टाकून त्या जाळीत शिरली आणि संध्याकाळी कोपरापर्यंत ओरबाडलेली, दात जांभळे झालेली अशी बाहेर आली, त्या आठवड्यात वॉरिकनं वहीत लिहिलं: 'क्र. १७, फवारणी पूर्ण.' आणि पुढे दर वर्षी लिहीत गेला. एकोणतीस वेळा. एरवी शब्दाशब्दावर अडून बसणारा, वरिष्ठांच्या परिपत्रकात चुका काढून ती लाल शाईनं परत पाठवणारा हा माणूस दर वर्षी एकच ओळ खोटी लिहायचा, आणि ती लिहिताना त्याचं अक्षर इतर ओळींपेक्षा अधिक सुरेख यायचं. मात्र त्या जाळीचं फळ त्यानं एकदाही तोंडात घातलं नाही. ते त्याचं तत्त्व होतं. जॅम उकळत असे, नेरिडा वरचा गुलाबी फेस लाकडी चमच्यानं काढून त्याच्या ओठांपाशी धरत असे, आणि तो ओठ मिटून मान फिरवत असे. "तणाची फळं मी खात नाही," तो म्हणायचा. "तणाच्या फळावर जगणाऱ्या बाईशी संसार करतोस, तो चालतो होय?" ती म्हणायची, आणि तो फेस स्वतः चाटून टाकायची. पंचवीस उन्हाळे हा खेळ चालला, आणि खेळ म्हणता म्हणता त्याची रीत झाली, आणि रीत मोडायला एके दिवशी फेस धरणारा हातच उरला नाही.

पायवाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी होती. 'तणनाशक फवारलेले आहे. फळे तोडू नयेत.' खाली तारखेसाठी चौकट, आणि त्या चौकटीत फक्त एक फिकट निळसर ओघळ. शनिवारी पाऊस झाला होता. कुणीतरी तारीख साध्या पेनानं लिहिली होती. पाटीवरची तारीख पक्क्या शाईनंच लिहावी, याबद्दल वॉरिकनं हाताखालच्या पोरांशी वर्षानुवर्षं भांडण मांडलं होतं. आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. त्यानं पानं पाहिली. पानं हिरवीगार होती. त्यावरून काही ठरत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? झाड मेलंय हे झाडाला कळायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ते फळं पिकवत राहतं. निळा रंग पानांवर उन्हानं दोन दिवसांत विटतो, उरलेला पावसानं धुतला जातो. फवारणी गुरुवारच्या आधी झाली की नंतर? फक्त एवढाच प्रश्न. नंतर झाली असेल तर तो सुटला. आधी झाली असेल तर. त्या 'तर'पुढे त्याचं मन जाईना. एवढ्याशा अंशानं माणूस मरत नाही, तणनाशकाच्या डब्यावरच्या कागदावर तसं स्पष्ट छापलेलं असतं, तो कागद त्याला पाठ होता; पण तो कागद धडधाकट माणसांसाठी लिहिलेला असतो. महिनाभर पाण्यावर राहिलेल्या, अडतीस किलो वजनाच्या बाईसाठी वेगळा कागद कुणी छापत नाही.

"सुट्टीच्या दिवशीसुद्धा ड्यूटी?" मागून आवाज आला. शेजारची डॉट कथबर्ट, गाऊनवर रेनकोट, हातात म्हाताऱ्या कुत्र्याचा पट्टा. तिची जीभ कुत्र्यापेक्षा तरुण होती.

"डॉट, ही पाटी कधी लागली?"

"मला काय विचारतोस? जन्मभर पाट्या तूच लावल्यास."

"चेष्टा नको. फवारणारा माणूस दिसला का तुला?"

"दिसला की. पाठीवर टाकी, तोंडाला फडकं. कोवळा होता अगदी. मी म्हटलं, अरे, ही तर वॉरिकची लाडकी जाळी, हिला कुणी हात लावत नाही. तर म्हणतो, मावशी, वहीत लिहिलंय तीस वर्षं फवारतायत, आणि ही बघा हत्तीएवढी! औषध तरी खोटं, नाही तर वही."

"वार कोणता होता, डॉट?"

"कचऱ्याची गाडी आली तो. म्हणजे गुरुवार. थांब, सुट्टीमुळे या वेळी गाडी शुक्रवारी आली का? नाही रे, मी डबे बाहेर ठेवले तेव्हा..." ती कुत्र्याकडे बघत राहिली, जणू त्याला आठवत असावं. "गुरुवार नाही तर शुक्रवार. तुझा चेहरा का असा झालाय? चहा टाकू?"

त्यानं खात्याला फोन लावला. ध्वनिमुद्रित बाई म्हणाली, कचेरी सुट्टीनिमित्त बंद आहे, उद्या सकाळी साडेआठला उघडेल. त्यानं पुन्हा लावला. बाई तेच म्हणाली, त्याच आनंदानं.

घरी परतून तो स्वयंपाकघरात बसला. ओट्यावर बरण्या रांगेनं होत्या, एकूण सहा. सातवी काल संपली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं जॅम केला होता, आणि तो एखाद्या प्रयोगासारखा केला होता: चार पिकलेल्या फळांमागे एक लाल कच्चं, म्हणजे जॅम धरतो, बशी आधी बर्फाच्या कप्प्यात ठेवायची, तिच्यावर थेंब टाकायचा, बोटानं ढकलायचा, सुरकुती पडली की झालं. हे सगळं त्यानं इतकी वर्षं दारात उभं राहून नुसतं पाहिलं होतं आणि नकळत पाठ केलं होतं. बरण्यांवर त्यानं चिठ्ठ्याही डकवल्या होत्या: तारीख, ठिकाण, वजन. फवारणीच्या वहीत लिहितात तशा. नेरिडाच्या चिठ्ठ्या निराळ्या असत. ती बरणीवर त्या दिवशीचं भांडण लिहायची. 'वॉरिक म्हणतो पाऊस येईल. आला नाही.' 'वॉरिकला माझी बहीण आवडत नाही. मलाही नाही.' हिवाळाभर ते दोघं एकेक भांडण उघडून पावाला लावून संपवत. म्हणजे ती संपवायची. शेवटची बरणी सात वर्षांपूर्वीची. त्या दिवशी डॉक्टरनं तिला विसरण्याच्या त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि ती घरी आल्यावर तडक डबा बांधून जाळीत गेली होती. संध्याकाळी फेस काढता काढता, पाठमोरीच, ती म्हणाली होती, "ऐक. ज्या दिवशी मी तुला 'तुम्ही कोण' असं विचारेन ना, त्या दिवशी तुझ्या शेडमधलं काहीतरी मला दे."

"वेडी आहेस का? शेडमध्ये उंदराचंसुद्धा औषध नाही."

"वा रे! अख्ख्या दरीतला हिरवा पाला मारलास, आणि बायकोच्या वेळी एवढा कंजूष?"

ती हसली होती. तो हसला नव्हता. त्यानं तिच्या विधानातल्या उणिवा दाखवल्या होत्या: 'कोण' म्हणजे नेमकं काय, एकदा विचारलं की रोज विचारलं, झोपेतून उठून विचारलं तर ते धरायचं का. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं बाबा. एकदा. जागेपणी. तुझ्या डोळ्यांत बघून." आणि त्यानं काय उत्तर दिलं होतं? 'बघू' असं म्हटलं होतं. हा शब्द तो एरवी कधी वापरत नसे; खात्यात त्यानं तो टिपणांमध्ये वर्ज्य केला होता. त्यानंतर ती माणसं विसरली, बहीण विसरली, चमचा कसा धरायचा ते विसरली. पण 'तुम्ही कोण' हे शब्द तिच्या तोंडून कधी आले नाहीत. अकरा महिन्यांपूर्वी ती एकदम गप्पच झाली. वॉरिकनं त्या गप्पपणात आसरा घेतला होता. अट पूर्ण झालेली नाही. शब्दशः पाहिलं तर अट पूर्ण झालेली नाही.

आता त्या ओट्यापाशी त्याच्या मनात जे आलं, ते येऊ नये म्हणून त्यानं उठून बशा घासल्या, खिडकी उघडली, बंद केली. तरी ते आलंच. गुरुवारी तो जाळीत खालून शिरला होता. पायवाटेनं नाही, ओहोळावरच्या जाड पाइपावरून, नेरिडा शिरायची तसा. पाट्या वर, पायवाटेच्या तोंडाशी लावतात; एकोणतीस वर्षं त्यानंच तिथे लावल्या होत्या. खालून येणाऱ्याला पाटी दिसत नाही, हे या शहरात सर्वांत चांगलं कुणाला ठाऊक असेल तर ते त्यालाच. मग तो खालून का गेला? तिच्या आठवणीनं? की ज्याला पाटी दिसायला नको असते तो माणूस खालूनच जातो? तो स्वतःशी वाद घालू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वादात दोन्ही बाजूंनी हरल्यासारखं वाटलं. गुरुवारी पाटी लागलेली असेल असं त्याच्या मनातही नव्हतं, हे खरं होतं. पण मनात काय नव्हतं हे छातीठोकपणे कोण सांगू शकतो? वहीतली ती एक ओळही त्याच्या हातानं एकोणतीस वर्षं अशीच लिहिली होती, आणि झोपताना त्याच्या मनात ती कधीच नसे.

निघताना त्यानं एक बरणी घेतली, आणि लिंबू घेतलं. धुण्याच्या दिवशी नेरिडा अर्धं लिंबू टबाच्या काठावर ठेवत असे. त्याच्या कपड्यांवर निळा डाग दिसला की त्यावर ते चोळायची. रसाचा डाग लिंबानं पुन्हा लाल होतो. फवारणीचा रंग तसाच राहतो. "माझा डाग बघ कसा लाजतो," ती म्हणायची, "आणि तुझा निर्लज्ज." स्वयंपाकघरात ते लिंबू कापायला त्याचा हात उचलला नाही. तिच्यासमोर कापू, असं तो स्वतःला म्हणाला, जणू तिला साक्षीला बसवल्यानं निकाल सौम्य लागणार होता.

ती खिडकीपाशी खुर्चीत होती. डोळे उघडे, केस विंचरलेले, गळ्याखाली टॉवेल. बाहेर डोंगराच्या माथ्यावर ढग बसला होता. सम्झना चादर बदलत होती. "बघा, आल्या की नाही ताळ्यावर! सकाळी मी टोस्ट दिला तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच विष घालतेय." ती हसली, मळकी चादर काखोटीला मारून गेली. वॉरिकनं शर्ट खिशातून काढून गुडघ्यावर पसरला. टोस्टच्या ताटलीतल्या सुरीनं लिंबू कापलं. नेरिडानं बरणी पाहिली होती. तिचं तोंड उघडलं होतं, खालचा ओठ थरथरत होता. त्यानं लिंबू डागावर पिळलं. एक क्षण काही झालं नाही. मग निळ्याच्या कडा सैल झाल्या, जांभळ्या झाल्या, आणि पाहता पाहता सगळा डाग कोवळा, उघडा लाल होऊन पसरला. रस होता. तिचा डाग होता.

त्यानं श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर आतमध्ये कुठेतरी काहीतरी खाली गेलं. सुटका नव्हती ती. रांगेत तासन् तास उभं राहून खिडकी समोरच बंद व्हावी तसं ते होतं. त्यानं ते ओळखलं. ओळखण्यात त्याची कधी चूक होत नसे. डाग निळाच राहावा, असं त्याच्यातलं कुणीतरी सकाळपासून धरून बसलं होतं. म्हणजे झालेलं झालं असतं, त्याच्या हातून पण त्याच्या नकळत, आणि 'बघू' या शब्दाची परतफेड परस्पर होऊन गेली असती. फळ निर्दोष ठरलं होतं. निदान त्या एका डागापुरतं. एका डागावरून अख्ख्या जाळीचा निकाल लागत नाही, तो उद्या साडेआठला लागेल. पण आता प्रश्न फळाचा राहिलाच नव्हता. चमचा धरणाऱ्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

नेरिडाचं तोंड उघडंच होतं. त्यानं झाकण फिरवलं, चमचा भरला, तिच्या ओठांच्या दिशेनं नेला, आणि अर्ध्या वाटेत वळवून स्वतःच्या तोंडात घातला. आंबट. मग गोड, मग बिया. ती दातांत कुरकुरणारी बारीक वाळू. एवढी वर्षं ही बाई हे खात होती, आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं की या फळाला उन्हाचीही चव असते. त्यानं दुसरा चमचा घेतला. नेरिडाची मान पुढे आली. "उद्या," तो म्हणाला. "आज मी खाऊन बघतो. उद्या तू." तिसरा. चौथा. तिच्या घशातून एक बारीक आवाज निघू लागला, दाराबाहेर ठेवलेल्या जनावरासारखा, आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले. तो गिळत राहिला. पाचव्या चमच्याला तिचा हात उठला. हाडांचा, हलका, पण अचूक. तिनं चमचा त्याच्या बोटांतून काढून घेतला, विसरलेल्या त्या हातानं तो बरणीत बुडवला, भरला, आणि स्वतःच्या तोंडाकडे नेऊ लागली. त्यानं तिचं मनगट धरलं.

तिनं वर पाहिलं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिची नजर फिरत फिरत येऊन त्याच्या डोळ्यांवर थांबली, आणि तिथेच राहिली. आवाज गंजलेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"तुम्ही कोण?"

खाली रस्त्यावर सुट्टीची बस थांबली, दोन माणसं उतरली, बस गेली. एकदा. जागेपणी. डोळ्यांत बघून. सगळ्या अटी त्यानंच घालून घेतल्या होत्या, आणि त्यातली एकही सुटली नव्हती. त्यानं तिचं मनगट सोडलं नाही. हळूच, चमचा सांडू न देता, तो हात त्यानं स्वतःकडे वळवला, पंचवीस उन्हाळे जे ओठ मिटून घेतले होते ते उघडले, आणि तिच्या हातून तो चमचा खाल्ला.

"तणाची फळं खाणारा," तो म्हणाला.

ती पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, किंवा उमटलं असेल तर ते वाचता येण्याइतकं थांबलं नाही. आणि नजर पुन्हा डोंगराकडे निघून गेली. तोंड मात्र मिटलं नाही. त्यानं चमचा परत घेतला आणि बरणी मांडीवर घट्ट धरून, तिच्या हाताला काही उरू नये म्हणून, तळाची काच खरवडली जाईपर्यंत तो खात राहिला.